चि. चार सिलिंडर यास

श्टुटगार्ट,
रविवार, सकाळ

चि. चार सिलिंडर यास,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहितानाच पेन अडखळलं. तू २०१७ सालचा, माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान, म्हणून 'चि.' लिहून मोकळा झालो. पण ज्याचं उत्पादनच बंद झालं, त्याला चिरंजीव कोणत्या तोंडाने म्हणायचं? 'तीर्थरूप' लिहावं, तर तो मान सहा सिलिंडरवाल्याने केव्हाच आपल्या नावावर करून घेतलाय. असो, मायन्याचं पुढे बघू. पत्र मात्र पाकिटात घालत नाही, उघडंच ठेवतो; कारण 'हाच का घेतलास?' हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत तू सोडून सगळ्यांनी मला विचारलाय.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पार्किंगमध्ये तुझ्या गाडीला आधी एक प्रदक्षिणा घातली. मागे जाऊन, वाकून, '७१८ बॉक्स्टर' या अक्षरांपुढे 'एस' आहे का ते पाहिलं. नव्हता. मग "अच्छा, टू-लिटर. चार सिलिंडर," असं म्हणत त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन मार्कांनी नापास झालेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात ना, तसा. पुण्याहून भावाचा फोन आला. तो म्हणाला, "अरे दादा, चार सिलिंडर तर माझ्या जुन्या स्विफ्टलाही आहेत." यावर मी काही बोललो नाही. आहेतच.

तेव्हा आज सविस्तर.

तो शनिवार तुला आठवत नसेल; तू थंड पडून होतास. जुन्या गाड्यांच्या एका आवारात दोन पोर्शे बॉक्स्टर शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक २०१४ ची, पांढरी, २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही. दुसरी तुझी, करडी. १९८८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो. दोन्हींना हाताचे गिअर, दोन्हींची किंमत उन्नीस-बीस. म्हणजे 'सहा परवडले नाहीत म्हणून चार' ही सबब मला मिळण्यासारखी नव्हतीच. विकणाऱ्याने दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पांढरीची किल्ली बोटाने हळूच माझ्याकडे सरकवली. त्याने माझ्यासारखी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली असावीत.

आधी पांढरी नेली. शहराच्या पश्चिमेला सॉलिट्यूड नावाचा शर्यतींचा जुना मार्ग आहे, ११.४ किलोमीटरचा. १९६५ पर्यंत तिथे शर्यती व्हायच्या. आता ते साधे रस्ते आहेत. झाडी आहे, सायकलवाले आहेत, वेगमर्यादेच्या पाट्या आहेत. ग्लेमसेकपासून चढ लागतो. एका वळणातून तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडलो, काटा दोन हजारांच्या आसपास. ऍक्सिलरेटर दाबला. गाडी 'हो हो' म्हणाली आणि होती तशीच चालत राहिली. दुसरा टाकला. काटा साडेचारवर गेला, पाचवर गेला, आणि मग पाठीमागून जो सूर लागला, त्याने हातावर काटा आला. पण तोवर पुढचं वळण आलं होतं आणि वळणावर एक सायकलवाला होता. सूर अर्ध्यावर ठेवून ब्रेक.

मग तुझी पाळी. तेच वळण, तोच तिसरा गिअर, तेच दोन हजार. दाबलं. अर्धा श्वास काहीच नाही. आणि मग पाठीला कुणी तळहात टेकवून ढकलावं तशी गाडी चढाला लागली. गिअर बदलावा लागला नाही. काटा चार हजारांना शिवायच्या आत चढ संपला होता. आवाज? आवाजाचं नंतर बोलू.

घरी येऊन कागदावर आकडे मांडले. आम्हा इंजिनिअर लोकांना त्याशिवाय आपल्याला काय वाटलं तेच कळत नाही. सहावाल्याचा टॉर्क २८० न्यूटन-मीटर, आणि तोही ४५०० फेऱ्यांपर्यंत थांबलात तर. तू ३८० देतोस, आणि १९५० पासून ४५०० पर्यंत सलग देतोस. म्हणजे तो दुकानाची फळी उघडतो तेव्हा तुझी सकाळची विक्री आटोपलेली असते. ताकद त्याची २६५ अश्वशक्ती, तुझी ३००. कागदावर प्रश्नच नव्हता. पण स्पोर्ट्स कार कागदावर घेतली असती, तर माणसाने ती घेतलीच नसती.

आता आवाज. इथे मी तुझी बाजू घेणार नाही, कारण ती घेण्याजोगी नाही.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे दर फेरीला त्याचे तीन स्फोट, तुझे दोन. सहा हजार फेऱ्यांवर त्याचे सेकंदाला ३००, तुझे २००. तीनास दोन. गाणं ऐकणाऱ्याला हे गुणोत्तर नव्याने सांगायला नको. षड्जावर पंचम बसतो तो याच हिशेबाने. दोघांचा काटा एकाच आकड्यावर असला, तर तू सा लावतोस आणि तो प. पाच हजारांवर तो जो सूर बसल्या बसल्या लावतो, तो तुला लावायचा तर साडेसात हजारांवर जावं लागतं, आणि तिथे तुझी लाल रेघ आहे. वरचं तार सप्तक तुझ्या गळ्यातच नाही. त्यात तुझ्या घशात टर्बाइन बसलेलं. बाहेर पडणाऱ्या वायूतला जोर आधी ते खातं. उरलंसुरलं सायलेन्सरच्या वाट्याला येतं.

२०१६ मध्ये तुझी पिढी आली तेव्हा मोटारींवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी वेगाचं कौतुक केलं, वळणांचं कौतुक केलं, आणि आवाजापाशी आल्यावर त्यांची लेखणी कडवट झाली. कुणाला सुबारू आठवली, कुणाला जुनी बीटल. नुर्बुर्गरिंगच्या शर्यतमार्गावरच्या एका फेरीत नवी गाडी जुनीपेक्षा १६ सेकंदांनी पुढे असल्याचं कंपनीने सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि पुन्हा आवाजाचंच बोलत बसले.

मी त्यांना हसत नाही. मी पुण्यात वाढलो. तिथे गाडीच्या आवाजाला 'फायरिंग' म्हणतात आणि फायरिंगवरून कोण घरी आलं ते ओळखतात. आरएक्स हंड्रेड ही टू-स्ट्रोक मोटरसायकल १९९६ मध्ये बंद झाली; पण ती आजही एखाद्या गल्लीतून गेली, तर पन्नाशीची माणसं हातातला चहाचा कप खाली ठेवतात. तिच्यानंतर आलेल्या फोर-स्ट्रोक गाड्या कमी प्यायल्या, कमी धूर ओकल्या, आणि त्यांच्यासाठी कुणी कप खाली ठेवला नाही. तेव्हा आवाजासाठी हळहळणाऱ्यांचं काहीतरी खरंच गेलंय. माझा प्रश्न एवढाच होता: जे गेलं, ते माझं होतं का?

म्हणून किल्ली उचलण्याआधी मी दोन आठवडे मागून घेतले आणि एक उद्योग केला. तेव्हाच्या माझ्या साध्यासुध्या गाडीत फेऱ्यांच्या काट्यावर नजर ठेवली. काटा कुठे राहतो? घर ते ऑफिस, ऑफिस ते किराणा, रविवारी श्वार्त्सवाल्डच्या जंगलातला बी-५०० चा डोंगरी रस्ता. काटा दीड हजार ते साडेतीन हजारांच्या घरात राहत होता. पाच हजारांच्या वर गेला तो दोनदाच: एकदा ऑटोबानवर शिरताना आणि एकदा माझा गिअर चुकल्यामुळे. मी स्वतःला हौशी ड्रायव्हर समजत होतो. काटा म्हणाला, समज.

'चालवायला मिळाली तर वर नेशील की,' असं कुणी म्हणेल. नेईन कुठे? जर्मनीत शहराबाहेरच्या साध्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. बॉक्स्टरचे गिअर लांब पल्ल्याचे. दुसऱ्याच गिअरमध्ये काटा लाल रेघेला नेला, तर गाडी शंभराच्या बरीच पुढे गेलेली असते. म्हणजे सहावाल्याची पूर्ण तान ऐकायची तर पहिल्या गिअरमध्ये क्षणभर, नाहीतर ऑटोबानच्या मोकळ्या पट्ट्यावर, नाहीतर कायदा मोडून. त्याचं सगळं सौंदर्य ज्या मजल्यावर आहे, तिथे माझं येणं-जाणं नाही. मी तळमजल्यावर राहतो, आणि तळमजल्यावर तू राहतोस.

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा खालच्या आवाजात सांगतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती विजेवर चालणारी होती. तुझा-तिचा आडनावापलीकडे संबंध नाही. पण त्यानंतर आमच्या घरी फोनवर 'पोर्शे' हा शब्द उच्चारला की पलीकडे क्षणभर शांतता होते. आई विचारते, "तू हळू चालवतोस ना?" हे ती स्विफ्टवाल्या भावाला विचारत नाही. रस्ता सगळ्यांचा असतो आणि आपली हौस आपली एकट्याची, हे मला काही ३०० अश्वशक्तीने शिकवलं नाही. त्या शांततेने शिकवलं. ऐंशीच्या वेगात, वर न चढता, जी गाडी मला चालवल्याचं समाधान देईल ती मला हवी. ती तुझी निघाली.

आता तुझ्या श्वासाचं. मी पोट भरतो ते याच धंद्यात, सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, म्हणून एवढं बोलायचा अधिकार घेतो.

आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंट घेतलं, त्याचा मथितार्थ एखादी काटकसरी गृहिणीही सांगेल: जे वाया जातंय ते कामाला लावा. इंजिनातून बाहेर पडणारा वायू तापलेला असतो, जोरात असतो आणि फुकट असतो. मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्यावर पाणचक्की बसवावी आणि तिनेच विहिरीतून जास्तीचं पाणी ओढून आणावं, तसा हा प्रकार. मोरीच्या बाजूला टर्बाइन, विहिरीच्या बाजूला कॉम्प्रेसर, मधे बोटाएवढा दांडा. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेतो. एका टोकाला नऊशे अंशांच्या पुढची धग, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून सिलिंडरात भरायची. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि दोन लिटरचं भांडं तीन लिटरचं काम करतं.

यातली गोम उघड आहे. चक्की फिरायला मोरीत आधी पाणी हवं. तोच तुझा तो अर्धा श्वास, ज्याला आम्ही 'लॅग' म्हणतो. तुझ्या कर्त्यांनी तो लपवायला युक्त्या केल्यात. वेगात असताना पाय क्षणभर उचलला, तर ते हवेचं दार मिटत नाहीत, नुसतं पेट्रोल तोडतात, म्हणजे चक्की फिरती राहते. पाय अर्धवट असेल तेव्हा बायपासची झडप मिटून आणि ठिणगी किंचित उशिरा देऊन ते दाब आधीच बांधून ठेवतात. अडीच लिटरच्या 'एस'ला तर टर्बाइनभोवती हलती पाती दिली. वायू कमी असला की ती मिटतात आणि झोत धारदार करतात. तुला ती मिळाली नाहीत. धाकट्याला नेहमी थोडं कमीच मिळतं.

तरी अर्धा श्वास उरलाच. पहिले काही महिने मी त्याच्यावर चिडत होतो. मग एका रविवारी बी-५०० वर लक्षात आलं, की चूक माझ्या हिशेबात आहे. वळण संपल्यावर दाबलं तर तू उशिरा येतोस. वळण उलगडायला लागतानाच, हलकेच, आधी पाय टेकवला, तर सरळ रस्ता लागायला आणि तू यायला एकच गाठ पडते. सम गाठायची तर तिहाई आधी सुरू करावी लागते, हे तबलजीला कुणी सांगत नाही. सहावाला पाय पडेल तसा लगेच उत्तर देतो, तो आज्ञाधारक. तुझ्याशी मात्र पुढचं पाहून बोलावं लागतं. मला त्यात आता गंमत वाटते. कधी हिशेब चुकतो आणि समेच्या आधीच दाद येते, तेव्हा आम्ही दोघंही ओशाळतो.

तुझ्या जन्माबद्दल लोक म्हणतात, तो प्रेमातून झाला नाही, कायद्याच्या कलमातून झाला. खरं आहे. युरोपने गाड्यांच्या ताफ्याच्या सरासरी धुराला मर्यादा घातली आणि ती कसत कसत किलोमीटरमागे ९५ ग्रॅमपर्यंत आणली. चीनने इंजिनाच्या आकारावर कर बसवला: दोन लिटरपर्यंत ५ टक्के, अडीचपर्यंत ९, तीनपर्यंत १२, आणि तीन ओलांडले की २५. मग तुझा आकार बघ, १९८८ सीसी. तुझ्या 'एस'चा बघ, २४९७. दोघंही पाटीखालून मान वाकवून निघालेले. हे कळलं तेव्हा मला भावाची स्विफ्ट आठवली. चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर आपल्याकडे कर कमी. तिचं इंजिन ११९७ सीसीचं. आता भावाला द्यायला माझ्याकडे उत्तर आहे: हो, दोघांनाही चारच सिलिंडर आहेत, आणि दोघांचीही मापं सरकारी शिंप्याने घेतली आहेत.

कलमं मात्र पालटत राहतात. तुझा जन्म झाला तेव्हा धुराची परीक्षा प्रयोगशाळेत, हलक्या पायाने व्हायची. छोटं टर्बो इंजिन तिथे शहाण्या मुलासारखं वागतं. २०१७ पासून परीक्षा कडक झाली, रस्त्यावरही होऊ लागली. जोर लावला की छोटं इंजिनही पोटभर पितं, हे सगळ्यांना दिसलं. इकडे रसिकांची कुरकूर थांबेना. २०२० मध्ये तुझ्याच घरात चार लिटरचा, सहा सिलिंडरचा, टर्बो नसलेला पाहुणा 'जीटीएस ४.०' या नावाने परत आला. ४०० अश्वशक्ती, ७८०० पर्यंत चढणारा काटा, आणि निवांत चालताना निम्मे सिलिंडर झोपवायची सोय. लोकांनी फटाके तेवढे वाजवले नाहीत. मीही तो चालवून पाहिला. अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण त्याचा टॉर्क विचारशील तर ४२० न्यूटन-मीटर, ५००० फेऱ्यांना. तुझ्या अडीच लिटरच्या भावाचाही टॉर्क ४२०. फक्त तो १९०० ला. दीड लिटरचा फरक आणि तीन हजार फेऱ्यांचं अंतर. त्याच अंतरात मी राहतो, हे एव्हाना तुला कळलंय.

आता वळतो घराण्याकडे, कारण मायन्याचा घोळ तिथेच सुटतो.

झुफेनहाउजनच्या पोर्शे संग्रहालयात एका पावसाळी दुपारी मी तुझी वंशावळ पाहिली. 'पोर्शे म्हणजे सहा सिलिंडर' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी ती एकदा पाहावी. जून १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्यूंडला या नावाची पहिली गाडी उभी राहिली, तिच्यात होतं फोक्सवॅगनच्या बीटलचं आडवं चार सिलिंडरचं इंजिन. ११३१ सीसी, ३५ अश्वशक्ती. म्हणजे 'बीटलसारखा वाजतोस' ही तुला दिलेली शिवी नव्हे, ते तुझं गोत्र आहे. पुढे अर्न्स्ट फूरमानने दीड लिटरचं, चार कॅमशाफ्टचं बॉक्सर इंजिन बांधलं. त्या कुळातलं इंजिन बसवलेल्या ७१८ या छोट्या गाडीने १९५९ आणि १९६० मध्ये सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ मारली आणि १९६० मध्येच सेब्रिंगची बारा तासांची शर्यत. समोर दुप्पट इंजिनांच्या गाड्या असताना. तुझ्या पाठीवर जो ७१८ लिहिलाय, तो हा. सहा सिलिंडरवाला आला त्यानंतर. १९६३ मध्ये ९११ लोकांना दाखवली, १९६४ मध्ये विक्रीला काढली. इंजिन १९९१ सीसी, १३० अश्वशक्ती. तुझ्यापेक्षा तीन सीसी जास्त.

त्या दिवसापासून तू धाकट्या घरी गेलास. १९६५ ची ९१२ म्हणजे ९११ चंच अंग, आत जुने चार सिलिंडर, किंमत कमी. मग ९१४, मग १९७६ ची ९२४. तिला लोक म्हणाले, हिचं इंजिन फोक्सवॅगन-ऑडीच्या घरचं, ही आपल्यातली नव्हे. मग ९४४, आणि १९८५ ची टर्बो ९४४, २२० अश्वशक्तीची. ऐंशीच्या दशकात घरातलं पीठ-मीठ बऱ्याच अंशी या चौघाचौघांच्या कमाईवर आलं, आणि हार घातले गेले सहाच्या गळ्यात. १९९५ मध्ये ९६८ बंद झाली आणि त्या घरच्या स्पोर्ट्स गाड्यांत चार सिलिंडर एकवीस वर्षं दिसले नाहीत. बाहेरच्या जगाने तुझ्या जातकुळीला एवढं कमी लेखलं नव्हतं. १९८३ मध्ये नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तो दीड लिटरच्या चार सिलिंडरी टर्बो बीएमडब्ल्यू इंजिनावर. टर्बोवर ते अजिंक्यपद मिळवणारा तो पहिलाच. पण घरच्यांना बाहेरचं कौतुक कधी ऐकू येत नाही.

आणि शेवट कसा झाला बघ. धुराने नाही, आवाजाने नाही. जुलै २०२४ पासून युरोपात नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचे नियम लागू झाले. गाडीतल्या संगणकात बाहेरून कुणी शिरू नये म्हणून. तुमच्या गाडीची वायरिंगची मांडणी जुन्या काळची, ती नियमात बसेना. इथली तुमची नेहमीची विक्री थांबली, आणि २०२५ च्या शरदात उत्पादनही संपलं. इंजिनाच्या मापाच्या कायद्याने जन्म दिला आणि इंजिनाशी देणंघेणं नसलेल्या कायद्याने मिटवलं. चार आणि सहा, दोघंही एकाच दारातून बाहेर पडले. त्या दारात कुणी आवाज तपासला नाही.

म्हणून आता वर जाऊन मायना खोडतो. वंशावळ पाहिली तर थोरला तूच. सहावाला तुझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. 'चि.' काढून 'ती.' लिहितो, आणि आशीर्वाद परत घेऊन त्या जागी शिरसाष्टांग नमस्कार ठेवतो. तुझी सही तुझ्या सुरात नाही, हे मला मान्य आहे. ज्यांना सूर हवा होता त्यांनी पांढरी गाडी नेली असेल आणि ती मंडळी सुखात असतील. मला रोजचा चढ चढायचा होता.

थोरल्यांना नुसता नमस्कार करून भागत नाही, त्यांची औषधं वेळेवर द्यावी लागतात. तर तेल कंपनीने सांगितलंय त्याच्या आधीच बदलत जाईन. थंडीत, उणे तापमानात, तेलाचा आकडा नव्वदीला येईपर्यंत तुला तीन हजारांच्या वर नेणार नाही. ऑटोबानवरून उतरलो की शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश येईन, म्हणजे तो बोटाएवढा दांडा निवायला वेळ मिळेल. आणि तो सहकारी पुन्हा प्रदक्षिणा घालायला आला, तर त्याला किल्ली देऊन ग्लेमसेकच्या चढावर पाठवीन. तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांवर.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
टेबलावरची दुसरी किल्ली उचललेला